चौथे नाव : फ्लॉरेन्समधला कोल्हापूरचा राजा

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर तारांनी तोललेला एक पूल आहे. १९७२ ते १९७८ या काळात तो बांधला गेला. शहराला वळसा घालून जाणारी वाहने दिवसभर त्यावरून धावत असतात. आपल्याकडे भूमकर चौकाच्या किंवा चांदणी चौकाच्या कोंडीची चौकशी होते, तशी तिथे या पुलाची होते. पुलाचे नाव ‘पोन्ते आल् इंदियानो’, म्हणजे ‘भारतीयापाशी असलेला पूल’.

हा भारतीय कोण? पुलाजवळ, कास्चिने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी शेवटी, एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या समाध्यांवर असते तशीच, रंगीत, नक्षीदार खांबांची आणि घुमटाची. छत्रीखाली पागोटे घातलेल्या एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना ‘राजाराम दुसरे’ म्हणतात. ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे याच शहरात निधन झाले. त्या वेळी त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. जिथे त्यांचा देह अग्नीला दिला, तिथेच ही छत्री आहे.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या आता थोडीथोडकी नाही. तरी आपल्या सहलींच्या कार्यक्रमांत हे ठिकाण सहसा नसते. दीड दिवसाच्या मुक्कामात ब्रुनेलेस्कीचा घुमट, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, उफिझीची चित्रे आणि जुना पूल एवढे उरकले, की बस रोमच्या रस्त्याला लागते. मला ही छत्री सावकाश पाहता आली ती एका खासगी गाइडमुळे. या लेखात त्या छत्रीविषयी तर लिहायचे आहेच; पण त्याहून अधिक लिहायचे आहे ते नावांविषयी. माणूस विसरला जातो आणि त्याच्या नावाचा एक तुकडा तेवढा लोकांच्या तोंडी राहतो, हे कसे घडते याविषयी.

नावांचे शहर

इटलीत गाइडचे काम परवान्याशिवाय करता येत नाही. आमच्या गाइडबाई फ्लॉरेन्समध्येच वाढलेल्या. कंपनीच्या कामासाठी गेलो असताना एक मोकळा दिवस मिळाला आणि तो मी त्यांच्या हवाली केला. ‘घुमट आणि डेव्हिड मी पाहिले आहेत. ज्यांच्यापुढे रांग लागत नाही अशी ठिकाणे दाखवा,’ एवढीच विनंती केली होती.

सुरुवात त्यांनी अनाथ बालकांच्या एका जुन्या संस्थेपासून केली. ‘ओस्पेदाले देल्यी इनोचेंती’ म्हणजे निष्पाप जीवांचे रुग्णालय. १४१९ मध्ये ब्रुनेलेस्कीने या इमारतीचा आराखडा केला आणि १४४५ मध्ये पहिले मूल इथे दाखल झाले. पुढची कित्येक शतके, गरिबीमुळे किंवा लोकलाजेने सोडून दिलेली मुले इथे वाढली. मूल ठेवताना आया कधी कधी एखादे पदक किंवा नाणे मधोमध तोडून अर्धे बाळाच्या अंगावर बांधत आणि अर्धे स्वतःपाशी ठेवत. दिवस पालटले आणि परत येता आले, तर दोन अर्धी जुळवून ओळख पटवावी, ही आशा. ते अर्धे तुकडे आज तिथल्या संग्रहालयात लहान लहान खणांत ठेवलेले आहेत. मुलांना आईबापांचे नाव नव्हते, तेव्हा संस्थेचे नाव हेच अनेकांचे आडनाव झाले. ‘इनोचेंती’, ‘देल्यिनोचेंती’ ही आडनावे आजही त्या भागात सर्रास आढळतात.

तिथून आम्ही नदीकाठच्या ओन्यिस्सांती चर्चमध्ये गेलो. बोत्तिचेल्ली या महान चित्रकाराला इथेच पुरले आहे. बोत्तिचेल्ली हे टोपणनाव, अर्थ ‘छोटे पिंप’. खरे नाव आलेस्सांद्रो फिलिपेपी. ते ओळखणारे आज विरळाच. याच चर्चमध्ये वेस्पुची घराण्याची जागा आहे. त्या घराण्यातल्या अमेरिगोचे नाव १५०७ मध्ये एका नकाशाकाराने नव्या भूमीवर लिहिले आणि ते एका खंडाला कायमचे चिकटले. त्या खंडातल्या मूळ रहिवाशांना युरोपीय लोक तोपर्यंत ‘इंडियन’ म्हणू लागले होतेच, कारण कोलंबसाला आपण हिंदुस्थानाला पोहोचलो असे वाटले होते.

चर्चमधून बाहेर पडल्यावर गाइडबाईंनी चौकातल्या इमारतींकडे बोट दाखवले. ‘तुमचा राजा या चौकातल्या हॉटेलात वारला,’ त्या म्हणाल्या. चुकून ‘इंडियन’ ठरलेल्यांची गोष्ट संपत नाही तोच एका खऱ्याखुऱ्या इंडियनाची गोष्ट सुरू झाली.

नागोजीराव ते राजाराम

या राजाचा जन्म १३ एप्रिल १८५० चा. जन्मनाव नागोजीराव पाटणकर. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी, म्हणजेच बाबासाहेब महाराज, यांना पुत्र नव्हता. १८६६ मध्ये त्यांनी नागोजीरावांना दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत ते वारले. पाटणकरांचा सोळा वर्षांचा मुलगा राजाराम छत्रपती झाला. पहिले नाव जाऊन दुसरे आले.

गादी मिळाली, पण सत्ता इंग्रजांच्या नजरेखालची होती. कोल्हापूर संस्थानावर इंग्रजांचा विश्वास नव्हता, त्याला कारणे होती. १८४४ मध्ये इथे गडकऱ्यांचे बंड झाले होते. १८५७ मध्ये कोल्हापुरातल्या पलटणीने उठाव केला आणि बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले. १८६९ मध्ये त्यांचा तिथेच, घरापासून दूर, अंत झाला. अशा घराण्यातला नवा वारस इंग्रजी शिकलेला, नव्या जगाशी ओळख असलेला आणि साम्राज्याशी स्नेह राखणारा निघावा, अशी राज्यकर्त्यांची योजना होती. राजाराम महाराजांना इंग्रजी चांगले येत असे आणि वाचनाची आवड होती.

१८७० च्या उन्हाळ्यात ते विलायतेला निघाले. सुवेझचा कालवा सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा समाज मागे होता. बरोबर स्वतःची माणसे आणि स्वयंपाकाची व्यवस्था घेऊन हा वीस वर्षांचा राजा निघाला. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. एका अर्थाने हा राजाही खासगी गाइड घेऊनच युरोप पाहत होता. फरक इतकाच, की त्याचा गाइड त्याने निवडलेला नव्हता, सरकारने नेमलेला होता. काय पाहायचे, कोणाला भेटायचे, यावर साम्राज्याची इच्छा उमटलेली होती. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची झाली. पार्लमेंट, विद्यापीठे, कारखाने, सभा आणि मेजवान्या झाल्या.

या प्रवासात महाराज इंग्रजीतून रोजनिशी लिहीत. त्यांच्या मृत्यूनंतर वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. नोंदी आखूड आहेत. आज कुठे गेलो, काय पाहिले, कोण भेटले. मनातले फारसे उतरलेले नाही. पण कोल्हापूरच्या छत्रपतीने रोज रात्री बसून परक्या भाषेत दिवसाचा हिशेब लिहावा, हीच त्या काळातली केवढी मोठी गोष्ट! पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र ना नागोजीराव आहे, ना राजाराम. तिथे आहे ‘कोल्हापूरचे दिवंगत राजे’. हे तिसरे नाव. यात गाव आहे, पदवी आहे; माणसाचे नाव तेवढे गळले आहे.

दोन नद्यांच्या संगमावर

परतीच्या वेळी युरोप धुमसत होता. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले होते आणि पॅरिसला वेढा पडला होता. महाराज बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्समार्गे इटलीकडे निघाले. इन्सब्रुकला त्यांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोहोचले तेव्हा ती हाताबाहेर चालली होती. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. रोम नुकतेच, सप्टेंबरमध्ये, इटलीच्या ताब्यात आले होते. या धामधुमीच्या शहरात ३० नोव्हेंबरला महाराजांनी देह ठेवला.

आता प्रश्न होता अंत्यविधीचा. युरोपात मरण पावलेल्या प्रसिद्ध हिंदूंचे त्यापूर्वी काय झाले होते, हे पाहिले तर या प्रश्नाचे वजन कळते. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टॉलला वारले. त्यांना पुरण्यात आले. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले. त्यांनाही पुरण्यात आले. युरोपातल्या कायद्याला आणि रीतीला दहन मंजूर नव्हते. इंग्लंडमध्ये वोकिंग इथे पहिले अधिकृत आधुनिक दहन झाले ते १८८५ मध्ये. इटलीत मिलान शहरात आल्बेर्तो केल्लर यांचे दहन झाले १८७६ मध्ये, आणि तेही नव्या पद्धतीच्या भट्टीत. फ्लॉरेन्सचा प्रसंग या सगळ्यांच्या आधीचा आहे.

महाराजांबरोबरची कोल्हापूरची माणसे अडून बसली. राजाला अग्नी मिळाला पाहिजे, आणि तो दोन नद्यांच्या संगमावर. ही मंडळी परमुलखात होती. भाषा येत नव्हती. वर इंग्रज अधिकारी, पुढ्यात परके सरकार, हाताशी काही तासच. राजवाड्यात ज्यांचे काम हुकूम झेलण्याचे, त्यांनी इथे आग्रह धरला आणि तो चालला. ब्रिटिश वकिलातीने मध्यस्थी केली आणि इटालियन अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. कास्चिने उद्यानाच्या टोकाशी मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, ती जागा ठरली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या माणसांनी आर्नो-मुन्योनेचा संगम शोधून काढला.

रात्रीतच चिता रचली गेली. बातमी शहरभर पसरली होती आणि हे कधी न पाहिलेले दृश्य पाहायला फ्लॉरेन्सचे लोक मोठ्या संख्येने जमले. रक्षेचा काही भाग आर्नोत सोडण्यात आला आणि काही हिंदुस्थानात नेण्यात आला.

या भूमीला चिता अगदीच अनोळखी होती असेही नाही. इंग्रज कवी शेली १८२२ मध्ये समुद्रात बुडाला, तेव्हा साथीच्या रोगांसंबंधीच्या नियमांमुळे त्याचा देह व्हिआरेज्जोजवळच्या किनाऱ्यावर जाळावा लागला होता. त्याच शेलीला पश्चिमेच्या वाऱ्यावरची त्याची प्रसिद्ध कविता सुचली होती ती फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या झाडीत. शेलीची चिता नाइलाजाची होती आणि राजारामांची श्रद्धेची. पहिली साहित्याच्या इतिहासात अमर झाली. दुसरी कोल्हापूरबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही.

एकाच हाताची दोन कामे

१८७४ मध्ये दहनाच्या जागी स्मारक उभे राहिले. अर्धपुतळा केला चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा होता मेजर चार्ल्स मँट यांचा.

हे नाव कोल्हापूरकरांनी थांबून वाचावे असे आहे. कोल्हापूरचा टाउन हॉल मँट यांचा आणि नवा राजवाडाही त्यांचाच. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्यांनीच केला; १८८१ मध्ये ते वारल्यावर तो दुसऱ्याने पुरा केला. हिंदू, मुसलमान आणि युरोपीय घडणीचे मिश्रण करून संस्थानिकांसाठी इमारती बांधणारी जी शैली पुढे रूढ झाली, तिच्या आरंभीच्या कर्त्यांपैकी हे एक. म्हणजे भवानी मंडपातून टाउन हॉलकडे जाणारा माणूस जी कमान रोज पाहतो, तिची धाकटी बहीण आर्नोच्या काठी उभी आहे. गाइडबाईंना मँट हे नाव ठाऊक होते. कोल्हापुरात त्यांच्या हातचा एक सबंध राजवाडा उभा आहे हे ठाऊक नव्हते. मी मोबाइलवर नव्या राजवाड्याचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते मोठे करून खांब, घुमट न्याहाळले, मग मान वर करून छत्रीकडे पाहिले. ‘आता पुढच्या वेळी हे मी सांगीन,’ त्या म्हणाल्या.

स्मारकाच्या चौथऱ्यावर एकाहून अधिक भाषांत लेख आहेत. महाराजांचे नाव, गाव, मृत्यूची तारीख सारे दगडात कोरलेले आहे. तरीही शहराने ते उचलले नाही. शहराने उचलले ते ‘इंदियानो’. बाजूच्या इमारतीला ‘पालाझ्झिना देल्’इंदियानो’ म्हणू लागले, उद्यानाचे हे टोक तेच नाव घेऊन वावरू लागले आणि शंभर वर्षांनी पूल झाला तेव्हा त्यालाही तेच चिकटले. हे त्याचे चौथे नाव. नागोजीरावात घर होते, राजारामात घराणे होते, ‘कोल्हापूरचे राजे’ या शब्दांत निदान गाव होते. ‘इंदियानो’त फक्त देश उरला.

यात फ्लॉरेन्सकरांचा तुच्छतेचा भाव नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांनी ही छत्री दीडशे वर्षे जपली आहे. त्यांच्या जिभेला सोपे होते ते नाव त्यांनी ठेवले. मागे आपल्याकडे काय झाले? राजारामांच्या मागे गादीवर दत्तक आले ते नारायणराव भोसले. त्यांचे शिवाजी झाले. त्या तरुण राजाचाही शेवट १८८३ मध्ये अहमदनगरला, घरापासून दूर, झाला. मग १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि ते शाहू छत्रपती झाले. शाहू महाराजांचे कर्तृत्व इतके मोठे, की त्यांच्या आधीचे सगळे त्या उजेडात दिसेनासे झाले. १८८० पासूनचे राजाराम कॉलेज अजून आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे विद्यार्थी तिथे शिकले. पण पुढे विसाव्या शतकात आणखी एक राजाराम महाराज गादीवर आले, आणि कॉलेजच्या नावातले राजाराम कोणते, हे विचारले तर विद्यार्थी गोंधळतात. फ्लॉरेन्सने माणसाचे नाव टाकून देश ठेवला. आपण नाव ठेवले आणि माणूस सोडला.

तुमच्या गावात काय दाखवाल?

संगमावरून परतताना गाइडबाईंनी विचारले, ‘मी तुमच्या गावी आले, तर मला काय दाखवाल?’ मी हिंजवडीत राहतो आणि तिथेच काम करतो. परदेशी पाहुण्यांना आम्ही पुण्यात नेतो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, फार तर सिंहगड. हिंजवडी दाखवण्याजोगी आहे, असे कोणाच्या मनात येत नाही. पण प्रश्न रास्त होता आणि माझ्यापाशी उत्तर होते. मी म्हणालो, ‘म्हातोबाचे बगाड दाखवीन.’

मुळशी तालुक्यातले हे गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे औद्योगिक विकास महामंडळाचे आयटी पार्क वाढत गेले. जगभरच्या कंपन्यांत ‘हिंजवडी’ हा शब्द आता रोज उच्चारला जातो, आणि त्याचा अर्थ एकच : काचेच्या इमारती आणि संध्याकाळची कोंडी. माण गावच्या शिवारात उभ्या राहिलेल्या भागाला आम्ही ‘फेज थ्री’ म्हणतो. तिथे नोकरी करणाऱ्या किती जणांना आपण माणमध्ये बसलो आहोत हे ठाऊक असेल? शेतांची, ओढ्यांची, वस्त्यांची नावे मागे पडली आणि आकडे राहिले. मात्र चैत्रात याच हिंजवडीतून म्हातोबाचे बगाड निघते. लाकडी बगाडावर गळकरी चढतो, भोवती गुलालाचा आणि माणसांचा पूर लोटतो आणि मिरवणूक वाकडला जाते. या दोन गावांचे देवाशी आणि एकमेकांशी असलेले नाते आयटी पार्काहून कितीतरी जुने आहे. त्या दिवशी रस्ता बंद असल्याचा संदेश कंपनीकडून येतो. का बंद, हे संदेशात नसते.

फ्लॉरेन्सच्या पुलावरून जाणारा मोटारचालक आणि बगाडाच्या दिवशी घरून काम करणारा अभियंता यांत म्हणूनच मला फार अंतर दिसत नाही. दोघांच्याही जिभेवर नाव आहे, नावामागचा माणूस किंवा देव मात्र नजरेआड आहे. हे अंतर भरून काढणारा कोणीतरी लागतो. फ्लॉरेन्समध्ये ते काम परवानाधारक गाइड करतात. त्यासाठी अभ्यास करतात, परीक्षा देतात, आणि त्यावर त्यांचे घर चालते. आपल्याकडे देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपाशी हे ज्ञान आहे. ती नसतील तेव्हा कोण सांगणार?

अनाथालयातल्या त्या अर्ध्या पदकांसारखेच या गोष्टीचे झाले आहे. एक तुकडा आर्नोच्या काठी आहे : छत्री, पुतळा आणि ‘इंदियानो’ हे नाव. दुसरा कोल्हापुरात आहे : टाउन हॉल, राजाराम कॉलेज, नवा राजवाडा. जुळवायला फार काही लागत नाही. टाउन हॉलमधल्या संग्रहालयाच्या दाराशी फ्लॉरेन्सच्या छत्रीचे एक छायाचित्र आणि चार ओळी लावल्या तरी पुरे. इटलीला निघालेल्या मराठी सहलीच्या कार्यक्रमात एक तास वाढवला तरी पुरे. शहराच्या मध्यातून कास्चिनेला ट्राम जाते. उद्यानातून नदीच्या कडेने संगमापर्यंत चालत जाता येते. पोहोचल्यावर तिथे कोणी इटालियन माणूस भेटला आणि त्याने ‘इंदियानो’ म्हटले, तर मान डोलवावी आणि उरलेली तीन नावे त्याला सांगावीत.